चोर्ल्याचा उतार, ९२ किलो वजन आणि बदलायचे ब्रेक

पत्र असं आहे :

"दादा, नमस्कार. मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला शिकवतो. पुण्याच्या भाच्यानं नवी सायकल घेतली आणि जुनी माउंटन बाइक मला दिली. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची आहे, १० वर्षं तरी झाली असतील. रोज शाळेला जाऊन-येऊन १४ किलोमीटर. सुट्टीला जांबोटी, कणकुंबी, कधी चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या केरीपर्यंत. राजहंसगडाकडच्या मातीच्या वाटांवरही जातो. माझं वजन ९२ किलो. आता पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर थेट हँडलला टेकतो, दोन-तीनदा दाबला की परत कडक होतो. मागचा तर लागतच नाही, नुसता किंचाळतो, कॅलिपरपाशी, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीपाशी, तेलाचा ओलावा दिसतो. दोन्ही शिमानो कंपनीचे, रोटर (ब्रेकच्या चकत्या) १६० मिलिमीटरचे. दुकानदार म्हणतो, दोन्ही काढून टाका आणि चार पिस्टनवाले घ्या. भाचा म्हणतो, मित्राकडं एसरॅम कंपनीच्या ब्रेकांची वापरलेली जोडी आहे, स्वस्तात देतो. आणि उद्यमबागेत सिलिंडरच्या कारखान्यात असलेला माझा चुलतभाऊ म्हणतो, दे इकडं, सील बदलून देतो, पैसे कशाला घालवतोस. तिघांचं ऐकून डोकं फिरलंय. काय करू तेवढं सांगा."

सर, नमस्कार.

ब्रेक नीट होईपर्यंत ही सायकल बाहेर काढू नका. घाट तर नाहीच, पण शाळेलाही काही दिवस बसने जा. तुमचा मागचा ब्रेक गेलेला आहे आणि पुढचा दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला लागतो. समोर म्हैस किंवा शाळेतलंच पोर आडवं आलं तर दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळत नाही.

तुमच्या तिन्ही सल्लागारांचं थोडं थोडं बरोबर आहे. मात्र तुमच्या दोन ब्रेकांचे आजार वेगळे आहेत, आणि तिघांनीही त्यांना एकच औषध सांगितलंय.

पुढच्यापासून सुरू करू. दोन-तीनदा दाबल्यावर लिव्हर कडक होतो याचा अर्थ बहुतेक वेळा पाइपात हवा शिरली आहे किंवा पॅड पार झिजलेत. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुमचा पहिला दाब त्या हवेतच जिरतो. म्हणून आधी चाक काढून पॅड बघा. पत्र्यावरचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर पॅड संपले. ते ठीक असतील तर ब्लीडिंग करून घ्या, म्हणजे आतली हवा काढून घ्या. लिव्हरवरच्या टाकीला फनेल लावून मिनरल ऑइल भरतात आणि लिव्हर हळूहळू दाबत, पाइपावर बोटाने टिचक्या मारत राहतात. आधी मोहरीएवढे बुडबुडे वर येतात, मग टाचणीच्या टोकाएवढे, मग येणं थांबतं. दहा वर्षांच्या ब्रेकातून बहुधा काळपट तेल निघेल. आत कॅलिपरपर्यंतचं सगळं तेल बदलायला सांगा, नुसती टाकी वरून भरून देऊ देऊ नका.

ब्लीडिंग झाल्यावर रात्री लिव्हर दाबून जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला बांधून ठेवा. सकाळी सोडून पुन्हा दाबा. पहिल्याच दाबात कडक लागला, आणि लिव्हरच्या पिस्टनपाशी किंवा कॅलिपरपाशी ओल नसली, तर तो ब्रेक ठेवा. तो बदलायची गरज नाही, दुकानदार काहीही म्हणो. रात्रीतून लिव्हर हँडलला जाऊन टेकला असेल, किंवा कुठे ओल दिसली, तर सील गेलं. मग पुढचाही नवा.

मागच्याची गोष्ट वेगळी. कॅलिपरपाशी तेल येतंय म्हणजे पिस्टनचं सील गळतंय. किंचाळतोय तो त्या तेलामुळेच. पॅडने तेल प्यायलं आहे आणि ते पॅड आता गेले. गॅसवर भाजून, पॉलिश पेपरने घासून ते परत येतात असं पुष्कळजण सांगतील. चार दिवस आल्यासारखे वाटतात, पण आत मुरलेलं तेल गरम झालं की परत वर येतं, आणि पॅड गरम कधी होणार तर नेमके घाटात. टाकून द्या.

आता तुमच्या चुलतभावाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण त्यांचं म्हणणं वरवरचं नाही. बेळगावला हायड्रॉलिकचं काम जाणणारी माणसं आहेत, उद्यमबागेत सिलिंडर, पंप, व्हॉल्व्ह यांच्यात हयात घालवलेले कारागीर आहेत. कुठल्याही मापाची ओ-रिंग ते शोधून देतील. तुमच्या ब्रेकात मिनरल ऑइल आहे आणि त्यांच्याकडची नायट्राइल रबराची रिंग त्या तेलात टिकते, म्हणजे रबराच्या जातीपर्यंत त्यांचा हिशेब बरोबर आहे. अडचण पुढे येते. सायकलच्या कॅलिपरातलं सील फक्त तेल अडवायला बसवलेलं नसतं. ते चौकोनी कापाचं असतं, आणि ज्या खाचेत बसतं त्या खाचेला एका बाजूला किंचित उतार दिलेला असतो. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याला चिकटून वाकतं. लिव्हर सोडला की सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढून घेतं. पॅड रोटरपासून सुटतो तो एवढ्या ओढीने. पॅड झिजत गेले की पिस्टन त्या सीलातून थोडा पुढे घसरतो आणि नवी जागा धरतो, म्हणून हायड्रॉलिक ब्रेकला तारेच्या ब्रेकसारखं कसत बसावं लागत नाही. हे सगळं काम त्या एका चौकोनी रिंगचं आहे. कारखान्याच्या सिलिंडरमधलं सील याच्या उलट विचाराने बनतं : दांडा सुळकन सरकावा आणि तेल बाहेर येऊ नये. तिथली गोल रिंग कॅलिपरात बसवली तर तेल कदाचित थांबेल, पण पिस्टन मागे येणार नाही आणि पॅड रोटरला घासत राहतील. किंवा पिस्टन जास्त मागे जाईल आणि लिव्हर परत हँडलला टेकेल.

शिमानो या कॅलिपरांची सील सुटी विकतच नाही. कॅलिपर गळला की अख्खा कॅलिपर बदलायचा, असाच त्यांचा रिवाज आहे. होप किंवा एसरॅमच्या ब्रेकांना सीलचे संच मिळतात; तो ब्रेक असता तर चुलतभावाच्या हातात दिला असता तरी मी काही म्हटलं नसतं. त्यांना एवढी विनंती मात्र जरूर करा की कारखान्यातलं ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल ब्रेकात घालू नका. ते ब्रेकच्या तेलापेक्षा कितीतरी जाड असतं. लिव्हर जड होतो आणि सोडल्यावर पिस्टन आळसावल्यासारखा मागे येतो. त्यांच्या हाताला काम द्यायचंच असेल तर नवा ब्रेक बसवताना त्यांना शेजारी बसवा. टॉर्कचा पाना धरायला त्यांच्याइतका जाणता माणूस सायकलच्या दुकानात मिळेलच असं नाही.

म्हणजे मागचा ब्रेक नवा घ्यायचा, हे ठरलं. कोणता घ्यायचा याकडे वळण्याआधी तुमच्या घाटाबद्दल बोलायला हवं, कारण निवड तिथून होते.

तुम्ही ९२ किलो, सायकल आणि पिशवी मिळून ११० धरू. चोर्ल्यात ५०० मीटर उंची उतरलात असं समजा. तेवढ्या उतारात गुरुत्वाकर्षण तुमच्या हाती सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा देतं. काही वाटा वारा घेतो, थोडा टायर घेतात, उरलेला ब्रेकांनी उष्णता करून बाहेर टाकायचा असतो. दीड लिटरहून जास्त पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला लागेल एवढी ही उष्णता आहे. आणि ती झेलायला असतात शे-सव्वाशे ग्रॅमच्या दोन पातळ चकत्या. तुम्ही सगळा घाट ब्रेक हलकासा धरून उतरलात तर रोटर सहज २०० अंशांच्या पुढे जातो. मग पॅडची पकड सुटते आणि तेलात पाणी किंवा हवा असेल तर लिव्हर एकदम पोकळ होतो.

म्हणून तुमच्यासारख्या वाचकाला मी पिस्टनांच्या आधी रोटरचा आकार विचारतो. १६० मिलिमीटरच्या जागी १८० चा रोटर लावला तर त्याच दाबाला रोखण्याची ताकद साधारण साडेबारा टक्क्यांनी वाढते, कारण पॅड मध्यापासून तेवढा लांब धरतो. २०३ लावला तर सुमारे २७ टक्क्यांनी. शिवाय धातू जास्त, उष्णता सामावायला जागा जास्त आणि वाऱ्याला मोकळा पृष्ठभाग जास्त. एवढ्या खर्चात एवढा फरक ब्रेकातली दुसरी कुठलीच वस्तू देत नाही. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, परवानगी देत असेल तर पुढे १८० चा रोटर लावाच, जुना ब्रेक ठेवलात तरी लावा. त्याला कॅलिपर बाहेर सरकवणारा एक अडॅप्टर लागतो, दोन बोल्टचं काम आहे. २०३ च्या मागे मात्र लागू नका. प्रत्येक फोर्कला किती मोठा रोटर चालतो याची मर्यादा कंपनीने ठरवलेली असते, आणि साध्या हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेल्या) सायकलींवरच्या पुष्कळ फोर्कांची ती १८० लाच संपते. मोठा रोटर फोर्कच्या पायावर जो पीळ देतो तो सोसायला तो पाय बनवलेला नसतो.

चार पिस्टनांबद्दल थोडक्यात. चार पिस्टन म्हणजे दुप्पट ब्रेक नव्हे. पॅड लांब असतो, दाब सारखा पसरतो, उष्णता जास्त पचते, आणि दगडधोंड्यांतून लांब, तीव्र उतारावर वेगात जाणाऱ्यांना तो फरक बोटांत कळतो. तुमचा उतार डांबरी आहे, वळणांचा आहे. राजहंसगडाकडच्या वाटांवर वेग बेताचाच असतो. दोन पिस्टनांचा चांगला ब्रेक आणि १८० चा रोटर तुम्हाला पुरतो. चार पिस्टनांचे पॅडही वेगळ्या आकाराचे असतात, आणि ते आपल्या भागात हाताशी मिळणं कठीण. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. श्रावणात जांबोटीच्या चिखलात पॅड संपले आणि नवे यायला आठवडा लागला, तर तो भारी ब्रेक तेवढे दिवस पडवीत उभा राहतो. बेळगाव किंवा कोल्हापूरच्या साध्या दुकानात ज्याचे पॅड आणि तेल मिळतं तो ब्रेक आपला, मग त्याची चकाकी थोडी कमी असली तरी चालेल.

भाच्याच्या मित्राची एसरॅमची जोडी याच कारणाने अर्धी मोहात पाडते. एसरॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकांत डॉट फ्लुइड, म्हणजे मोटारसायकलच्या ब्रेकातलं तेल असतं, आणि डॉट ४ तर खानापुरातही मोटारसायकलच्या सामानाच्या दुकानात मिळेल. पण हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनांक किमान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरलेल्याला १५५ ही चालतो, असं मानकच आहे. कणकुंबीच्या पावसात, आपल्याकडच्या दमट हवेत ते मुरणारच, म्हणून दरवर्षी तेल बदलायचं. सायकलच्या रंगावर सांडलं तर रंग उचलतं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत गेलेलं पाणी कॅलिपरच्या तळाशी साचतं, त्यामुळे तेही दीड-दोन वर्षांनी बदलावंच. फक्त त्याची घाई डॉटइतकी नसते. आणि धोक्याची गोष्ट : मिनरलच्या ब्रेकात डॉट किंवा डॉटच्या ब्रेकात मिनरल घातलं तर सील फुगतात, मऊ पडतात आणि अख्खा ब्रेक जातो. घरात एका सायकलीवर दोन्ही जाती ठेवल्या की एखाद्या दिवशी घाईत चुकीची बाटली हातात येते. पुढचा ब्रेक शिमानोचा ठेवायची शक्यता आहे, मग मागे एसरॅम नकोच. वापरलेल्या ब्रेकचं सील किती म्हातारं झालंय हे बाहेरून दिसत नाही, हे तर आहेच. भाच्याला प्रेमाने नको म्हणा.

तर माझं मत असं. मागे शिमानोचा एमटी२०० घ्या. हा त्यांच्या सगळ्यात साध्या हायड्रॉलिक ब्रेकांपैकी एक आहे, दोन पिस्टन, मिनरल ऑइल, आणि त्याच्या आकाराचे पॅड सहज मिळतात. तो नसेल तर टेक्ट्रोचा त्याच पातळीचा एम२७५ सुद्धा चालेल. त्याचंही तेल मिनरलच, मात्र बाटली टेक्ट्रोचीच वापरा. रात्रीच्या परीक्षेत पुढचा ब्रेक पास झाला तर खर्च इथेच थांबतो : मागचा ब्रेक, त्याच्याबरोबर येणारे पॅड, पुढे १८० चा रोटर आणि अडॅप्टर. पुढचा नापास झाला तर तिथे मात्र हात थोडा सैल सोडा आणि देओरे एम६१०० च्या पातळीचा ब्रेक घ्या. उतारावर शरीराचा भार पुढच्या चाकावर जातो आणि थांबवण्याचं बहुतेक काम तेच करतं, म्हणून पैसे वाढवायचे तर पुढे वाढवायचे. देओरेच्या लिव्हरात अशी रचना आहे की पहिल्या हालचालीत पॅड झटकन रोटरपाशी येतात आणि नंतरच्या दाबाला ताकद जास्त मिळते. केरीला पोचेपर्यंत बोटं अवघडत नाहीत, हा त्याचा फायदा तुम्हाला पहिल्याच फेरीत कळेल.

मागवण्याआधी काही गोष्टी सायकलीजवळ बसून बघायच्या आहेत. दुकानदारावर सोडू नका.

आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. युरोप-अमेरिकेसाठी बांधलेल्या संचांत तो पुष्कळदा डाव्या हाताला असतो. तेल भरून, पाइप जोडून आलेला संच घेताना 'मागचा ब्रेक, डावा लिव्हर' असं स्पष्ट लिहून मागवा. शिमानोचे लिव्हर डावे-उजवे वेगळे असतात. चुकीचा आला तर पाइप सोडून परत जोडणं आणि ब्लीडिंग आलंच. मागच्या ब्रेकचा पाइप साधारण १७०० मिलिमीटरचा असतो. तुमची सायकल जुनी आहे, पाइप बहुधा फ्रेमच्या बाहेरून क्लिपांनी बांधलेला असेल. तसं असेल तर नशीब समजा, कारण नवा ब्रेक न उघडता तसाच बसवता येईल. पाइप वीतभर लांब राहिला तरी राहू द्या. दिसायला बरा नाही म्हणून कापायला गेलं की पितळी ऑलिव्ह (जोडात दाबली जाणारी छोटी कडी) आणि आतली नळी नवी लागते, आणि ती पाइपाच्या जातीप्रमाणे वेगळी असते. एमटी२०० ला बीएच५९ पाइप आहे, देओरे एम६१०० ला बीएच९०. एकाची नळी दुसऱ्याला बसवून दिली तर पाइप दाबाखाली सुटू शकतो.

कॅलिपर कसा बसलाय ते बघा. बोल्ट चाकाच्या प्रतलात, म्हणजे सायकलच्या लांबीच्या दिशेने शिरत असतील तर ते पोस्ट माउंट. दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर ७४ मिलिमीटर भरेल. बोल्ट आडवे, आसाला समांतर शिरत असतील तर आयएस माउंट, अंतर ५१. अडॅप्टर यावर ठरतो. चुलतभाऊ म्हणतील, ॲल्युमिनियमचा अडॅप्टर मी मिलिंगवर काढून देतो. काढतीलही सुबक, पण अडॅप्टर ही स्वस्त वस्तू आहे, तयारच घ्या.

रोटर हबला सहा बोल्टांनी बसवलेला आहे की मधल्या एका खाचांच्या रिंगने, म्हणजे सेंटर लॉकने, तेही बघा. आणि रोटरवर बारीक अक्षरांत काय कोरलंय ते भिंगाने वाचा. स्वस्त रोटरांवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं लिहिलेलं असतं. अशा रोटरवर धातूचे पॅड लावले तर ते रोटरला खरवडून काढतात. जाडीही मोजा : शिमानोचा नेहमीचा रोटर नवा असताना १.८ मिलिमीटर असतो आणि १.५ ला आला की बदलायचा. तुमच्या चुलतभावाकडे मायक्रोमीटर असणारच. पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यात मोजायला सांगा, कडेला नको. दहा वर्षांचा मागचा रोटर बाद निघाला तर मला नवल वाटणार नाही.

पॅड रेझिनचा घ्यावा की धातूचा, याचं उत्तर आपल्याकडे महिन्यावर आहे. रेझिनचा पॅड शांत असतो, पहिल्या क्षणापासून धरतो, रोटरवर मऊ. पण आपली तांबडी माती पाण्यात कालवली की तिच्यातले जांभ्याचे कण रेझिनला भराभर खातात. भर पावसात चिखलातून एक लांब फेरी झाली की अर्धा पॅड गेलेला दिसू शकतो. धातूचा, म्हणजे सिंटर्ड पॅड ओल्यात जास्त टिकतो आणि उष्णताही जास्त सोसतो. ओला झाला की ओरडतो आणि थंड असताना सुरुवातीला जरा उशिरा धरतो, एवढं सोसावं लागतं. जूनपासून दसऱ्यापर्यंत सिंटर्ड, पुढे रेझिन, असं मी तुमच्या जागी करेन. त्यासाठी रोटर दोन्ही पॅडना चालणारा घ्यायचा. जुना पॅड खिशात घालून दुकानात जा, आकार जुळवूनच घ्या. पावसाळ्यात पॅडचा एक जादा जोड पिशवीत असू द्या.

बसवताना : नव्या कॅलिपरात पॅडच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी असते. चाक बसेपर्यंत ती काढू नका, आणि चाक बाहेर असताना लिव्हर चुकूनही दाबू नका, पिस्टन बाहेर येऊन बसतात. सहा बोल्टांचा रोटर असेल तर टी-२५ च्या पान्याने, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, २ ते ४ न्यूटन मीटरला. कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८ ला. आधी ते ढिले ठेवायचे, लिव्हर दाबून धरायचा म्हणजे कॅलिपर आपोआप रोटरवर मध्यभागी येतो, आणि तसाच धरून बोल्ट थोडे थोडे आवळायचे. मागे पांढरा कागद धरून बघा, रोटरच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे. मागचा जुना रोटर ठेवणार असाल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. रॉकेल नको, पेट्रोल नको. साखळीला स्प्रे मारताना रोटरवर फडकं टाकायची सवय लावून घ्या. सायकल गाडीत घालून कुठे नेणार असाल तर लिव्हर वर राहील अशी ठेवा. उलटी ठेवली की टाकीतली हवा पाइपात उतरू शकते.

नवे पॅड बसवल्या बसवल्या पूर्ण धरत नाहीत, म्हणून लगेच ब्रेक खराब म्हणू नका. शाळेच्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर २० किलोमीटरच्या वेगाने जा, ब्रेक एकसारखा दाबत चालण्याच्या वेगापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, सोडा. हे पंधरा-वीस वेळा. मग जरा जास्त वेगाने दहा वेळा. पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा चढतो आणि मग पकड येते. पुढचा आणि मागचा, दोन्ही वेगवेगळे करा.

घाट उतरायची तुमची पद्धत पत्रात लिहिलेली नाही, पण वजन बघता सांगतो. ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका. सरळीवर सोडा, अंग ताठ करून बसा, छातीला वारा लागू द्या. वाराही तुमचा वेग खातो आणि तो फुकट आहे. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग तोडा, मग परत सोडा. मधल्या या मोकळ्या सेकंदांत रोटर निवतो. मध्ये कुठे रस्ता रुंद असेल तिथे पाच मिनिटं थांबायला हरकत नाही, त्या रस्त्याला ट्रकही खूप असतात. थांबल्यावर रोटरला बोट लावून बघू नका, चामडी सोलून निघते. आणि पहिल्या पावसात दर वळणाच्या जरा आधी ब्रेक एकदा हलका लावून रोटरवरचं पाणी पुसून घ्या, नाहीतर ओला पॅड पहिल्या क्षणी धरत नाही.

आता तुम्ही दोन गोष्टी करा. पुढच्या ब्रेकची रात्रीची परीक्षा घ्या. आणि फोर्कच्या पायावर मागच्या बाजूला किंवा डोक्यापाशी कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतं, तिथे रोटरचा आकडा असेल तर तोही, हे सगळं उतरवून घ्या. कॅलिपर जिथे बसतो त्या जागेचा एक फोटो आणि हे नाव पाठवा. कुठला अडॅप्टर मागवायचा ते मी नंबरासकट कळवतो.